सरांची शेवटची चित्रं, आणि मोनेची

रंगपेटी
मंडळी, सल्ला हवाय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आमचे चित्रकलेचे सर दोन वर्षांपूर्वी गेले. घरच्यांनी नाव नको म्हटलंय, तेव्हा कोणी ओळखलंत तरी इथे लिहू नका. चाळीस वर्षं त्यांनी जलरंगात नाशिकचा गोदाकाठ रंगवला. सुंदरनारायणाच्या पायऱ्या, नारोशंकराची घंटा, बुधवारच्या बाजारातले भाजीचे ढीग. स्वच्छ वॉश, कागदाचा पांढरा नेमका राखलेला, दोन फटकाऱ्यांत माणूस उभा. नाशकात कितीतरी घरांत ही चित्रं आहेत.

शेवटच्या सात-आठ वर्षांतलं काम मात्र वेगळंच आहे. साखरेमुळे मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबत गेलं आणि सर नुसतं पाणी रंगवू लागले. गोदावरीच्या पात्रातल्या गांधी तलावाचं पाणी. देऊळ नाही, माणूस नाही, काठसुद्धा नाही. फुल शीट चार-चार एका ओळीत जमिनीवर मांडायची, आपण स्टुलावर बसायचं, ब्रश लांब काठीला बांधलेला. विटकरी, तपकिरी, मध्येच एकदम जांभळा. एकूण १११ शीट आहेत, मी स्वतः मोजली.

काकू एकट्याच असतात. मुलगी पुण्याला, मुलगा बाहेर. सोसायटी पुनर्विकासाला चाललीय, दिवाळीपर्यंत जागा रिकामी करायची. माळ्यावरच्या ट्रंका न्यायच्या कुठे? एका संस्थेत विचारून आलो, नाव घेत नाही. तिथले गृहस्थ म्हणाले, "घाटाची, देवळांची जुनी दहा-बारा द्या, लगेच लावतो. ही पाण्याची नकोत. ही आजारपणातली." काकूंचंही तेच. "अगं, ती बिघडलेली आहेत. त्यांना दिसत कुठे होतं?"

माझं मन मानत नाही. चित्रकाराचं शेवटचं काम संग्रहालयात जातं तरी कसं?

तिवंधा_चौक
फोटो टाका की दोन-चार.

पाथर्डी_फाटा
जरा व्यवहारानं बघा ताई. जुनी मागताहेत ना, देऊन टाका. सरांचं नाव भिंतीवर लागेल. पाण्यातली पाच-सहा ठेवा आणि बाकीची विद्यार्थ्यांना वाटून टाका. माळ्यावर कसर लागण्यापेक्षा कोणाच्या तरी घरी राहतील.

निळीशाई
रंगपेटीताई, "आजारपणातली" हा शब्द वाचून हसू आलं. शंभर वर्षांपूर्वी फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या शेवटच्या चित्रांबद्दल पॅरिसमध्ये याच धर्तीचं बोललं जायचं. म्हाताऱ्याचे डोळे गेलेत, त्याचं काय मनावर घ्यायचं. ती हकिगत तुमच्या कामाची आहे म्हणून सांगतो.

मोने १८८३ पासून जिव्हेर्नी नावाच्या खेड्यात राहायचा. १८९३ मध्ये त्यानं रस्त्यापलीकडची जमीन घेतली आणि ओढ्याचं पाणी वळवून तळं केलं. गावकऱ्यांनी लगेच तक्रार गुदरली, ही परदेशी झाडं पाणी नासवतील म्हणून. शेजारी जगात सगळीकडे सारखेच. तळ्यात त्यानं वॉटर लिली लावल्या. मराठीत आपण सर्रास "मोनेची कमळं" म्हणतो, पण ती कुमुदं. कमळ पाण्यावर मान काढून उभं राहतं, ही पाण्याला टेकून असतात. चित्रं बघताना हा फरक महत्त्वाचा, कारण फूल आणि त्याखालचं आभाळ एकाच पातळीवर येतं.

१९१० च्या महापुरात हे तळं-बाग सगळं पाण्याखाली गेलं. १९११ मध्ये बायको गेली. १९१२ मध्ये दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू असल्याचं निदान झालं. १९१४ मध्ये थोरला मुलगा गेला, आणि त्याच वर्षी महायुद्ध. सत्तरी ओलांडलेला हा माणूस अशा वेळी बागेत एक प्रचंड स्टुडिओ बांधायला घेतो. मोठाल्या कॅनव्हासांना जागा हवी होती. बांधून झाल्यावर त्याला स्वतःलाच ती इमारत कुरूप वाटली. लोक मरताहेत आणि आपण रंग-आकारांचा शोध घेत बसलोय याची लाज वाटते, असंही त्यानं एका मित्राला कळवलं होतं. पण हात थांबला नाही.

११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं. दुसऱ्याच दिवशी मोनेनं पंतप्रधान क्लेमांसोला पत्र लिहिलं. विजयाच्या निमित्तानं दोन चित्रं देशाला द्यायची आहेत, तू मध्यस्थ हो. क्लेमांसो त्याचा जुना दोस्त. मूळचा डॉक्टर, मग पत्रकार, मग राजकारणी. टोपणनाव "वाघ".

दोनच चित्रं, लक्षात घ्या. दोनाची बावीस कशी झाली ते उद्या. सकाळी अंबडला फर्स्ट शिफ्ट आहे.

गोदाघाट_७
पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

मिसळप्रेमी_मखमलाबाद
लवकर लिहा राव, नाहीतर तोवर दिवाळी येईल आणि ताईंच्या ट्रंका रस्त्यावर.

निळीशाई
आलो.

क्लेमांसो आठवड्याभरात जिव्हेर्नीला गेला आणि त्यानं मागणी वाढवली. दोन काय देतोस, अख्खी मालिका दे. मोने तयार झाला, पण मग भिंती कुठे? शिल्पकार रोदँनं १९१६ मध्ये आपलं सगळं काम सरकारला दिलं होतं आणि ज्या वाड्यात तो राहायचा तिथेच त्याचं संग्रहालय झालं. त्याच वाड्याच्या बागेत मोनेसाठी वेगळी गोल इमारत बांधायची ठरलं, आराखडे झाले. पण जानेवारी १९२० मध्येच क्लेमांसोची सत्ता गेली होती. खर्चाचं कारण पुढे आलं आणि योजना गुंडाळली. ओळखीचं वाटतंय ना?

पण क्लेमांसोनं पिच्छा सोडला नाही. १९२१ मध्ये ओरांजरीचं नाव निघालं. १८५२ मध्ये बांधलेली लांबट इमारत, राजवाड्याच्या बागेतली संत्र्याची झाडं थंडीत आत ठेवायला. मोने म्हणाला, सरळ भिंती चालणार नाहीत, माझं पाणी वळतं. मग लेफेव्र नावाच्या वास्तुविशारदानं आत दोन लंबगोल खोल्या बसवल्या. १२ एप्रिल १९२२ ला दानपत्रावर सह्या झाल्या. अटी: चित्रं याच खोल्यांत, भिंतीला चिकटवून, कायमची. तिथे दुसऱ्या कोणाचं काही ठेवायचं नाही.

आणि मोने काही साधू नव्हता हां. हा व्यवहार चालू असतानाच, १९२१ मध्ये, सरकारनं त्याचं "बागेतल्या स्त्रिया" हे चित्र २,००,००० फ्रँकला विकत घेतलं. हेच चित्र १८६७ च्या सरकारी प्रदर्शनात नाकारलं गेलं होतं. चोपन्न वर्षांनी हिशेब चुकता.

आता डोळ्यांचं. जानेवारी १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर कधी सगळं निळं दिसे, कधी पिवळं, चष्मे बदलून बदलून तो कावला. दोन वर्षांत चित्रं द्यायची होती, ती दिलीच नाहीत. काही फाडली, काही पुसून पुन्हा रंगवली. १९२५ च्या सुरुवातीला तर कळवून टाकलं की दान रद्द. ऐंशी उलटलेला क्लेमांसो असा भडकला की मैत्री तुटायची वेळ आली. पुढे जुळलं. चित्रं मात्र मोनेनं शेवटच्या श्वासापर्यंत स्टुडिओतून हलू दिली नाहीत.

५ डिसेंबर १९२६ ला तो गेला, त्यानंतरच बावीस पॅनेल पॅरिसला गेली. १७ मे १९२७ ला खोल्या उघडल्या. आठ रचना, उंची जवळपास २ मीटर, एकापुढे एक धरल्या तर नव्वद मीटरच्या वर लांबी. त्यानं त्या भिंतीवर लागलेल्या पाहिल्याच नाहीत.

तिवंधा_चौक
संत्र्यांचं घर म्हणजे आपण असतो तर नागपूरला दिलं असतं.

मिसळप्रेमी_मखमलाबाद
आणि नाशिकला बेदाण्याचं शेड.

गंगापूर_रोडकर
हकिगत सुरेख. पण खरं बोलू का? सर म्हणजे मोने नव्हेत, आणि काकूंच्या मागे कोणी पंतप्रधान उभा नाही. मोनेचं नाव आधीच जगभर होतं, म्हणून सरकार त्याचे नखरे सोसत होतं. इथे ट्रंका ठेवायला जागा नाही आणि आपण लंबगोल खोल्यांच्या गप्पा मारतोय.

निळीशाई
मुद्दा रास्त आहे. दोन गोष्टी सांगतो.

एक, पंतप्रधान नसताना काय करायचं हे मोनेनंच आधी करून दाखवलं होतं. चित्रकार माने गेल्यावर (माने, मोने नव्हे. नाव सातारचं वाटतं पण माणूस पॅरिसचा) त्याचं "ऑलिंपिया" हे चित्र परदेशी जाईल अशी भीती निर्माण झाली. मोनेनं चित्र काढणं बाजूला ठेवून वर्षभर वर्गणी गोळा केली, दारोदार पत्रं लिहिली. २०,००० फ्रँकच्या आसपास रक्कम जमली. १८९० मध्ये चित्र मानेच्या विधवेकडून घेऊन देशाला दिलं. लूव्र या पॅरिसच्या मुख्य संग्रहालयानं काही घेतलं नाही, दुय्यम संग्रहालयात लावलं. तिथून लूव्रमध्ये जायला १९०७ उजाडलं, आणि हुकूम कोणाचा, तर क्लेमांसोचा. गणपतीची वर्गणी मागणाऱ्या गावाला हे जड जाऊ नये.

दोन, ओरांजरी उघडली तेव्हा "जगभर नाव" कामी आलं नाही. लोक फिरकेनात. छत गळायचं. १९६० च्या दशकात तर त्या खोल्यांच्या डोक्यावर दुसऱ्या एका संग्रहासाठी मजला चढवला आणि वरून येणारा उजेडच बंद केला. ज्या माणसानं आयुष्यभर उजेड रंगवला त्याच्या चित्रांवर ट्यूबलाइट. तो मजला काढून उजेड परत आला २००६ मध्ये, सहा वर्षं इमारत बंद ठेवून. चित्रं भिंतीला चिकटवलेली, हलवता येईनात, म्हणून जागच्या जागी पेट्यांत बंद करून भोवती बांधकाम केलं. मोनेनं "कायमची" ही अट घातली नसती तर १९६० मध्येच ती गुंडाळून तळघरात गेली असती, असं माझं मत.

ओझरची_सून
तळघरावरून आठवलं. मात्सुकाता नावाच्या जपानी उद्योगपतीनं १९२१ मध्ये जिव्हेर्नीला जाऊन मोनेकडूनच कुमुदांचा एक मोठा कॅनव्हास घेतला होता. तो फ्रान्समध्येच राहिला, युद्धकाळात साठवणीत खराब झाला. २०१६ मध्ये लूव्रमध्ये गुंडाळलेला सापडला तेव्हा वरचा जवळपास अर्धा भाग गेलेला होता. २०१९ मध्ये तोक्योत तसाच लावला. अमेरिकेतली तऱ्हा वेगळी. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं १९५५ मध्ये असाच मोठा कॅनव्हास हौसेनं घेतला आणि १९५८ मध्ये तिथे आग लागून तो जळाला. वातानुकूलनाचं काम चालू होतं, कामगारांची विडी-सिगारेट म्हणतात. लोकांना इतकी हळहळ वाटली की पुढच्या वर्षी दुसरी तीन पॅनेलची घेतली.

गोदाघाट_७
आपल्याकडची उदाहरणं द्या ना कोणी.

आडगाव_नाका
अमृता शेरगिल. गंमत म्हणजे तीही ५ डिसेंबरलाच गेली, १९४१ मध्ये, लाहोरला, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. ईझलवर शेवटचा कॅनव्हास अर्धवट होता, घराच्या गच्चीवरून दिसणारी म्हशींची जागा. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. कोणी म्हणालं असतं की अपुरा आहे, पुरे झालेले तेवढेच द्या, तर? १९५४ मध्ये जयपूर हाउसमध्ये ते संग्रहालय सुरू झालं तेव्हा तिच्या घरच्यांनी दिलेली चित्रं हाच त्याचा मोठा आधार होता.

आणि कोल्हापूरला चंद्रकांत मांडरे. सिनेमातले चंद्रकांत. त्यांनी चित्रांसकट राजारामपुरीतलं राहतं घरच राज्य सरकारला दिलं, आता ते संग्रहालय आहे. एकदा जाऊन या. घरात चित्रं बघण्याची मजा औरच.

कागदवाली
मी कागद-जतनाचं काम करते, म्हणून घाईनं लिहिते. दिवाळीआधी काय होऊ नये ते आधी बघा.

लॅमिनेशन करू नका. कोणीही कितीही आपुलकीनं सुचवलं तरी नाही. फाटलं असेल तिथे सेलोटेप नको, पाच-सात वर्षांत तिचा चिकट डाग कागदात उतरतो आणि मग निघत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका. लोखंडी ट्रंक पावसाळ्यात आतून घामेजते, बुरशी तिथूनच सुरू होते. शीट गुंडाळू नका, सपाट ठेवा, मध्ये आम्लविरहित पातळ कागद घाला आणि जमिनीपासून वर ठेवा. बुरशीचे ठिपके दिसले तर ओल्या फडक्यानं पुसू नका. वाळू द्या, मास्क लावून मऊ ब्रशनं झाडा, तेही घराबाहेर.

आता निळीशाईंच्या त्या अटीबद्दल. "कायम भिंतीवर" ही अट तैलरंगाला ठीक. जलरंगावर तशी घातलीत तर दहा-पंधरा वर्षांत सरांचे जांभळे उडून जातील. कागदावरचं काम संग्रहालयं ५० लक्सच्या आसपास मंद उजेडात, काही महिनेच लावतात आणि परत अंधारात ठेवतात. तुम्ही मागायचं ते वेगळं: चारचा संच फोडायचा नाही, लावला तर चारही एकत्र लावायचे.

वकीलसाहेब_सीबीएस
कायद्याचं थोडं. मृत्युपत्र नसेल तर चित्रांवर काकूंचा, मुलाचा आणि मुलीचा, तिघांचा सारखा हक्क. काकूंची एकटीची सही पुरणार नाही, पुण्याहून आणि परदेशातून संमती आणा. जंगम वस्तूचं दान ताबा दिला की पुरं होतं, नोंदणी सक्तीची नाही. पण अटी घालायच्या असतील तर लेखी दानपत्र हवंच, आणि त्याला प्रत्येक शीटची यादी जोडा: फोटो, माप, मागची सही. समोरच्यांनी प्रत्येकीला नोंदवहीतला क्रमांक देऊन पोच द्यावी. पोच नाही तर पुढे कोणी विचारलं की "अशी काही आलीच नव्हती" हे ऐकायची तयारी ठेवा.

कॉपीराइट वेगळा. चित्र दिलं म्हणजे तो गेला असं नाही. मृत्यूनंतर ६० वर्षं तो वारसांकडे राहतो, लेखी सोडला नाही तर. उद्या कोणी कॅलेंडर छापलं तर वारसांना विचारावं लागेल.

पाथर्डी_फाटा
मी वर वाटून टाका म्हटलं होतं. चार-चारचे संच आहेत हे लक्षात आलं नव्हतं. मागे घेतो.

रंगपेटी
सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, कारण रविवारी आम्ही पाच माजी विद्यार्थी काकूंकडे जमलो होतो.

ट्रंका खाली काढल्या. कागदवालीताई, आतून खरंच घाम होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या चादरी अंथरून शीट पसरली. मी आजवर ती फक्त पुढून पाहिली होती. उलटी केली तर प्रत्येकीच्या मागे पेन्सिलनं, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत, सरांची टीप. "१/४", "२/४" असा क्रमांक. खाली तारीख आणि वेळ. त्याखाली पाणी कुठवर आलं ते, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून; नाशकात पूर तसाच मोजतात. "दुतोंड्याचे गुडघे." "दुतोंड्याची कंबर, गढूळ." "पाणी उतरले, शेवाळ दिसते." एकावर नुसतंच, "सरकारवाड्याच्या पायरीला लागले. घरी जा म्हणतात."

म्हणजे विटकरी रंग डोळ्यांचा किती आणि पुराच्या गढूळ पाण्याचा किती? आम्ही पाचही जण गप्प. जांभळ्या शीटमागे वेळ होती संध्याकाळी पावणेसात.

काकू खाली आल्या तेव्हा आम्ही तारखांप्रमाणे ओळ लावत होतो. त्या चष्मा लावून मागची अक्षरं वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे रोज संध्याकाळी गायब व्हायचे आणि मी भांडायची. ओले होऊन यायचे." बिघडलेली हा शब्द काही पुन्हा आला नाही. मुलाचा संमतीचा मेल रात्री आला, मुलगी शनिवारी येतेय. तोवर ट्रंका माझ्याकडे, गच्चीखालच्या कोरड्या खोलीत. वर्गणीचा गट केला आहे, आम्लविरहित कागदापुरती तरी जमेल.

एक अडचण. सगळे संच जुळले, पण शेवटच्या तारखेच्या संचातलं ३/४ सापडेना. सगळ्या ट्रंका दोनदा पाहिल्या. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि खालच्या फडताळातले डबे बाहेर काढायला लागल्या. कागद जाड आणि चांगला म्हणून त्यांनी तो तिथे अंथरला होता, रंगाची बाजू वर.

कागदवालीताई, तेलाच्या डब्याचे दोन गोल उमटलेत, एक पुसट, एक चांगला गडद. याला काही करता येतं का?

कागदवाली
हात लावू नका, टाल्कम पावडरही नको. दोन ब्लॉटिंगच्या मध्ये सपाट ठेवा आणि मला दाखवा. बुधवारी नाशकात आहे. पूर्ण जाणार नाही हे आत्ताच सांगते.

रंगपेटी
चालेल. काकू म्हणताहेत, गेलं नाही तरी संचात तेच राहू दे. बुधवारी चारनंतर या, बाजार असतो, गाडी गंगापूर रोडच्या बाजूनं आणा.